महाबळेश्वर, दिवेआगर की जुन्नर? आधी ते कार्डाचं बिल बघू

ताई, तुमचा मेल वरवर बघितला तर "विकेंडला कुठे जाऊ" एवढाच आहे, पण खाली जाता जाता तुम्ही एक वाक्य टाकलंय की दिवाळीचे १७ हजार क्रेडिट कार्डावर अजून बाकी आहेत आणि "सध्या मिनिमम ड्यू भरतोय", म्हणजे बँक मागते तेवढी कमीत कमी रक्कम. मला विचाराल तर खरा प्रश्न तिथेच आहे, पण कुठे जायचं तेही सांगतो, टाळत नाही.

बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात. कोथरूडचं पाच माणसांचं घर, नवरा-बायको दोघंही नोकरीला, मिस्टर सहकारी बँकेत म्हणून दुसरा-चौथा शनिवार सुट्टी, मुलं ११ आणि ७ वर्षांची, सासूबाई ७६ च्या, गुडघे कुरकुरतात पण फिरायची हौस दांडगी. दोघांचा मिळून हातात येतो १ लाख ४ हजार, त्यातून घराचा हप्ता ३८,५०० आणि एसआयपी १० हजार. वर्षभर भरलेली आरडी (बँकेत दर महिन्याला ठरावीक रक्कम टाकायची ठेव) आत्ता मॅच्युअर झाली, २८ हजार आले, आणि डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवार-रविवारी कुठेतरी जाऊन यायचंय. मिस्टर म्हणतात महाबळेश्वर, रिसॉर्टवाला नो कॉस्ट ईएमआय पण देतोय. ताईंना समुद्र पाहिजे म्हणजे दिवेआगर. सासूबाईंचं म्हणणं लांब कशाला, मला ओझरच्या गणपतीला न्या, जुन्नरकडे राहू एक रात्र. आणि मधेच एका हॉलिडे मेंबरशिपवाल्यांचा फोन, साडेतीन लाखात २५ वर्षं फिरा म्हणून.

आधी कार्ड. १७ हजारांवर महिन्याला साडेतीन टक्के धरले तर ५९५ रुपये व्याज, त्या व्याजावर १८% जीएसटी, म्हणजे महिन्याचे ७०० रुपये नुसते हवेत. पण त्याहून वाईट गोष्ट दुसरीच आहे जी बँक मोठ्या अक्षरात सांगत नाही. मागचं बिल पूर्ण भरलेलं नसलं की नव्या खरेदीला ते चाळीस-पन्नास दिवस बिनव्याजी मिळतात ना, ते मिळतच नाहीत, स्वाइप केल्या दिवसापासून मीटर चालू. म्हणजे याच कार्डावर तुम्ही वाटेत मिसळ खाल्लीत तरी तिच्यावर व्याज लागणार. त्यामुळे २८ मधले १७ उद्या सकाळी कार्डाला, यावर माझी चर्चेची तयारी नाही. उरले ११ हजार. आता या ११ हजारात कुठे, असा प्रश्न करून बघू.

महाबळेश्वरचा हिशोब मी तुमच्याच आकड्यांवर केला. पाच जणांची फॅमिली रूम ७,९०० रुपये रात्र, शुक्रवार आणि शनिवार दोन रात्री, नाश्ता धरून. मिस्टरांनी १५,८०० धरलेत आणि टॅक्स वेगळा असं खाली लिहिलेलं त्यांच्या नजरेतून सुटलंय. २२ सप्टेंबर २०२५ पासून ७,५०० रुपयांपर्यंतच्या रूमला जीएसटी ५% आहे, त्याच्यावर गेलं की १८%, आणि तो वरच्या चारशेवर नाही, सगळ्या भाड्यावर. म्हणजे २,८४४ रुपये टॅक्स, बिल १८,६४४. हीच रूम मालकानं साडेसात हजारांना दिली तर टॅक्ससकट १५,७५० होतात, चारशे रुपये कमी करून घेतले की दोन रात्रींचं बिल जवळजवळ २,९०० नं उतरतं. कुणी जाणारच असेल तर फोन करून एवढं तरी बोला, हॉटेलवाल्यालाही हे माहीत असतं, आपण विचारत नाही म्हणून तो गप्प असतो. पुढे दोन दिवसांची जेवणं पाच हजार, पेट्रोल २८० किलोमीटरचं (१५ चं अॅव्हरेज आणि लिटरला १०५ धरून) १,९६०, वर वेण्णा लेकची बोट, घोडा, स्ट्रॉबेरी विथ क्रीम, नाक्यावरचा प्रवासी कर असं सगळं अडीच हजार. बेरीज २८ हजार १००. आरडी अख्खी गेली आणि कार्ड जिथल्या तिथे.

नो कॉस्ट ईएमआयचं म्हणाल तर व्याज तिथेही लागतं, फक्त तेवढी सूट आधी दाखवून बरोबरी केलेली असते. पण व्याजावरचा जीएसटी आणि प्रोसेसिंग फी आपल्या खिशातून जाते आणि रोखीनं बुक करणाऱ्याला जी घासाघीस करता येते ती आपली बुडते. त्यातून हप्ते सहा महिन्यांचे, म्हणजे मे महिन्यात मुलांच्या शाळेच्या फिया भरताना तुम्ही डिसेंबरातल्या स्ट्रॉबेरीचा हप्ता भरत असाल.

आता मी माझ्या पद्धतीनं एक आकडा काढतो, बायको यावरून मला खूप बोलते पण काढतोच. तिथे जाऊन जागेपणी किती तास मिळतात आणि तासाला काय पडतं. शुक्रवारी मिस्टर बँकेतून सुटणार, सहा-साडेसहाला निघालात तर कात्रज, खेड शिवापूर, खंबाटकी, मग वाई आणि पसरणीचा घाट, पोचायला दहा वाजून जाणार, मुलं झोपलेली, सासूबाई अवघडलेल्या. म्हणजे शुक्रवारच्या रात्रीचे ७,९०० फक्त झोपायचे. शनिवारी सकाळी ७ ते रात्री १० पंधरा तास, रविवारी दुपारी दोनपर्यंत सात, झाले २२. तासाला १,२७७ रुपये, आणि यात ट्रॅफिकमधला वेळ मी अजून कापलेला नाही. आम्ही एकदा नाताळच्या सुट्टीत गेलो होतो, पाचगणीच्या पुढे गाडी अशी अडकली की माणसं उतरून चालायला लागली, धाकटी घाटात उलटी करून मलूल पडलेली, आणि मी स्टिअरिंगवर हात ठेवून मनात रूमच्या भाड्याला २४ नं भागत बसलो होतो. पोचल्यावर कळलं की गरम पाणी सकाळी सात ते नऊच.

जुन्नरला बघा काय होतं. शनिवारी पहाटे साडेपाचला घर सोडायचं, चाकण उजाडायच्या आत मागे टाकायचं (हे कसोशीनं पाळा, तळेगाव चौकात आठ वाजता सापडलात तर माझा सगळा हिशोब तिथेच संपला), साडेआठला जुन्नरात नाश्ता. शनिवारचे साडेतेरा तास आणि रविवारी चारला निघालात तर नऊ, एकूण साडेबावीस. म्हणजे एका रात्रीच्या भाड्यात महाबळेश्वरच्या दोन रात्रींएवढाच वेळ, उलट अर्धा तास जास्तच. तुम्ही जो शेतातल्या घराचा रेट पाठवलाय तो माणशी १,२०० आणि मुलांना ७००, दोन्ही वेळचं जेवण-नाश्ता धरून, पाच जणांचे ५,००० झाले. पेट्रोल इकडे तिकडे फिरणं धरून २६० किलोमीटरचं १,८२०, रविवारचं बाहेरचं जेवण १,२००, टोल-पार्किंग-चहा-मुलांचे हट्ट हजारभर, लेण्याद्रीचं तिकीट मोठ्यांना २५ रुपये, तुम्हा दोघांचे ५०. नऊ हजार सत्तर. तासाला ४०३. अकरातले दोन हजार उरतात ते तसेच राहू द्या.

आणि बुकिंग सरळ फोनवर करा. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असलेल्या घरगुती निवासवाल्याला जीएसटी नोंदणी लागत नाही, पण तीच खोली अॅपवरून घेतली की अॅपला त्यावर टॅक्स भरावाच लागतो आणि तो आपल्या बिलात येतो, शिवाय अॅपचं कमिशन मालकानं रेटमध्ये आधीच मिसळलेलं असतं. फोनवर विचारायचं म्हणजे दोनच गोष्टी विचारा, कमोड आहे का आणि खोली तळमजल्याला आहे का. ७६ वर्षांच्या बाईंना व्ह्यू नको असतो हो, कमोड पाहिजे असतो.

तुम्ही लिहिलंय "जुन्नरला दोन दिवस काय करणार". ताई, असं पुणेकरच म्हणू शकतो. शिवनेरी आहे, मुलांना पायी चढवा, शिवजन्माची जागा आणि शिवाई देवीचं देऊळ दाखवा, मिस्टर आणि मुलं सकाळी गडावर, तुम्ही आणि सासूबाई गरम चहा घेत शेतात. लेण्याद्रीला तीनशेच्या आसपास पायऱ्या आहेत, सासूबाईंना जायचंच असेल तर डोली मिळते पण माझं ऐकाल तर त्यांना ओझरला मनसोक्त बसू द्या, तिथे चढ नाही, अष्टविनायकातले दोन गणपती एवढ्या जवळ आहेत की एक खालून नमस्कार करून चालतो. आणि रविवारी सकाळी नाणेघाट. तिथल्या गुहेत सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे, ब्राह्मीत, आणि त्यात यज्ञाच्या वेळी किती गायी दिल्या, किती कार्षापण (त्या काळची नाणी) दिले याची चक्क यादी कोरलेली आहे. मी पहिल्यांदा बघितला तेव्हा वाटलं की दोन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी आपल्याच धंद्यातलं होतं, खर्च लिहून ठेवणारं, तेही दगडावर म्हणजे खोडरबर चालणार नाही असं. घाटाच्या तोंडाशी मोठा दगडी रांजण आहे, त्यात जकातीची नाणी टाकत असं सांगतात. अकरा वर्षांच्या मुलाला टोलनाका तिथे समजावून सांगा, फास्टॅगपेक्षा लवकर कळेल.

दिवेआगरला मी नाही म्हणत नाहीये, मला स्वतःला जास्त आवडतं. सुपारीच्या वाड्यांतला रस्ता, आदल्या दिवशी सांगून ठेवलेले उकडीचे मोदक, संध्याकाळी रिकामा लांबलचक किनारा, यापुढे महाबळेश्वरचं मार्केट काय आहे. पण ताम्हिणी, माणगाव, म्हसळा करत साडेचार-पाच तास एका बाजूला, पहाटे पाचला निघून दहाला पोचणार आणि रविवारी एकला निघणार, अठरा तास मिळतात. तुमच्या रेटनं एका रात्रीचे ११ हजार होतात, तासाला सहाशेच्या वर, बजेटच्या अगदी काठावर, आणि गुडघ्यांना दोन दिवसांत दहा तास गाडी. तीन दिवसांची सुट्टी लागून येईल तेव्हा जा, तेव्हा त्या प्रवासाचं सोनं होईल.

एक तुमच्या ध्यानात आलेलं दिसत नाही म्हणून सांगतो. एसटीनं जायचं ठरवलंत तर तुमच्या पाच जणांत पूर्ण तिकीट एकट्या मिस्टरांचं. सासूबाई ७५ च्या वर म्हणून फुकट, तुम्हाला महिला म्हणून अर्धं, मुलं बाराच्या आतली म्हणून अर्धी. तरी या वेळी गाडीच न्या असं म्हणेन, नाणेघाट आणि ओझरला फिरायला तिथे रिक्षा-जीप करत बसलात तर वाचलेले पैसे तिकडे जातील. पण पुढे तुम्ही आणि सासूबाई दोघीच कुठे जाणार असाल तर हे डोक्यात ठेवा, फक्त एसटीला चालणारं ओळखपत्र जवळ असू द्या.

मेंबरशिपचं फार लिहीत नाही. साडेतीन लाख एफडीत साडेसहा टक्क्यांनी ठेवले तर वर्षाला २२,७५० व्याज, कर जाऊन थोडं कमी. म्हणजे मुद्दलाला हात न लावता दर वर्षी जुन्नरसारख्या दोन ट्रिपा. उलट मेंबरशिपमध्ये मुद्दल गेलं, वर दर वर्षीचा मेंटेनन्स, तो वाढत जाणार, आणि दिवाळी-मे महिन्यात बुकिंग मागाल तेव्हा "फुल आहे सर". त्यांना "घरात विचारून सांगतो" म्हणू नका, ते घरी येतात. सरळ नाही म्हणा.

राहता राहिले मिस्टर. त्यांनी महाबळेश्वर का म्हटलं ते तुम्हीच लिहिलंय, लग्नानंतर पहिल्यांदा तिथेच गेला होतात. मग ते पाच जणांत, मुलांच्या भांडणात आणि डिसेंबरच्या गर्दीत कशाला उरकायचं? जी आरडी संपली तशीच पुन्हा चालू करा, या वेळी महिना दोन हजारांची, वर्षाला २४ हजार आणि वर व्याज. पुढच्या वर्षाअखेरीस मॅच्युअर झाली की फेब्रुवारीत, मंगळवार-बुधवार बघून, दोघंच जा, मुलं आजीजवळ. मधल्या वारी रेट पण खाली असतात आणि स्ट्रॉबेरी तेव्हा भरात असते. बँकेत रजा आधी टाकायला सांगा त्यांना, मार्च जवळ आला की मिळणार नाही.

तर आत्ता १७ हजार कार्डाला, जुन्नरवाल्यांना फोन, सासूबाईंना शाल आणि कानटोपी कारण डिसेंबरात तिकडे पहाटे भलतीच थंडी असते. कार्ड पूर्ण भरल्यावरही पुढच्या स्टेटमेंटमध्ये दोन-चारशे रुपये व्याज परत दिसेल, घाबरू नका, ते बिल निघाल्यापासून तुम्ही पैसे भरेपर्यंतच्या दिवसांचं असतं, तेही भरून टाका. त्याच्या पुढचं स्टेटमेंट आलं की एकूण बाकीपुढे शून्य आहे का तेवढं मला कळवा.