दुष्काळ आराखडा आणि अ‍ॅबोरिजिनल समाज : वाचकांचे प्रश्न

ऑस्ट्रेलियात पाणी नियोजनात काम करणाऱ्या मराठी मंडळींकडून तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून इथे एकत्र उत्तरं देतो आहे.

‘अ‍ॅबोरिजिन’ असं ऑस्ट्रेलियाच्या मूळ रहिवाशांना म्हटलं तर चालतं का?
नाही. बार्किंजी, गमिलारोय असं त्या समाजाचं नाव घ्या.

आमच्या कौन्सिलचा आराखडा तयार आहे. त्या समाजातल्या ज्येष्ठांना सभेला बोलावलं, कुणीच आलं नाही. मंजूर करावा का?
थांबा. मसुदा झाल्यावर बोलावणं म्हणजे फक्त मान डोलवायला बोलावणं. अशी एक सभा मी पाहिली आहे : खुर्च्या रिकाम्या, चहा गार झालेला. त्या दिवशी गावात अंत्यविधी होता. एक फोन केला असता तर कळलं असतं!

न्यू साउथ वेल्समधल्या वॉलगेट गावाचं बघा. बार्वन आणि नमोई नद्या आटल्या आणि 2018 पासून गावाच्या नळाला बोअरचं पाणी आलं. त्यात सोडियम मार्गदर्शक मर्यादेपेक्षा जास्त. रक्तदाबाच्या माणसानं ते प्यायचं कसं? हा प्रश्न लावून धरला तो तिथल्या ज्येष्ठांच्या मंडळानं. डार्लिंग नदीला बार्किंजी लोक ‘बाका’ म्हणतात. ते स्वतः बाकाची माणसं. त्याच नदीवर मेनिंडी गावाजवळ 2018-19 मध्ये आणि पुन्हा 2023 मध्ये लाखो मासे मेले. नदीचं दुखणं पिढ्यान्‌पिढ्या काठावर राहिलेल्यांना विचारायचं नाही, तर कुणाला? कोरा कागद घेऊन जा, तारीख त्यांना ठरवू द्या, वेळेचे आणि प्रवासाचे पैसे द्या. मंजुरी पुढे ढकला.

एक सल्लागार सहा आठवड्यांत ‘सल्लामसलत पूर्ण’ असं प्रमाणपत्र देतो म्हणतो. घ्यावं का?
मुळीच नको. संमती समाज देतो, सल्लागार नाही. कंपनी कागदावर अ‍ॅबोरिजिनल आणि कारभार दुसऱ्याचा, हा प्रकारही चालतो. त्याला इथे ‘ब्लॅक क्लॅडिंग’ म्हणतात. कामाआधी स्थानिक लँड कौन्सिलला, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांच्या संस्थेला, विचारा.

1993 च्या नेटिव्ह टायटल (मूळ रहिवाशांचे पारंपरिक हक्क) कायद्यानं त्यांना पाणी मिळालंच आहे ना?
ही ऐकीव गोष्ट. घरगुती आणि सांस्कृतिक वापर वेगळा, पाण्याचा परवाना वेगळा. बार्किंजींचा जमिनीवरचा हक्क 2015 मध्ये मान्य झाला, तरी नदी आटायची थांबली नाही. न्यू साउथ वेल्सच्या मरे-डार्लिंग खोऱ्यात 2018 मध्ये अ‍ॅबोरिजिनल लोक जवळपास 10 टक्के, त्यांच्या संस्थांकडे भूपृष्ठावरचं पाणी 0.2 टक्के. तुमच्या भागातली स्थिती हक्कधारक संस्थेकडून आणि वकिलाकडून तपासून घ्या.

ज्येष्ठांनी दाखवलेले पाणवठे नकाशावर टाकू का?
ज्यांनी दाखवले त्यांनाच आधी विचारा. काही जागा बाहेरच्यांना सांगायच्या नसतात.