खालच्या मजल्यावरचे एल्डर

तुम्ही विचारलंय की मुलगा युटामधे शिकतोय, त्याचा 19 वर्षांचा मॉर्मन (अमेरिकेतला एक ख्रिस्ती पंथ, मुख्य ठाणं युटातच) रूममेट चांगलं चालू असलेलं कॉलेज थांबवून 2 वर्षांसाठी तैवानला मिशनरी म्हणून निघालाय, तर ही पोरं तिकडे नेमकं करतात काय, पगार मिळतो का, आणि हे सगळं डोकं फिरल्यासारखं नाहीये का.

आधीच सांगतो, मी मॉर्मन नाही, ख्रिश्चनही नाही, सांगलीचा देव्हाऱ्यापुढे उदबत्ती लावणारा साधा माणूस. पण 2016 ते 2019 अशी तीन वर्षं मी तैवानमधे ताइचुंगला पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचं संशोधन, करत होतो, जुनी बिल्डिंग, लिफ्ट नाही, मी चौथ्या मजल्यावर आणि बरोब्बर माझ्या खाली तिसऱ्या मजल्यावर ही पोरं. पांढरा शर्ट, टाय, काळी नेमप्लेट, सायकल, हेल्मेट. तीन वर्षांत त्या एका फ्लॅटमधे किती जण आले आणि गेले मोजलं नाही, पण डझनभर तरी मला नावानिशी आठवतात. नावानिशी म्हणजे आडनावानिशी, कारण पहिलं नाव ते वापरतच नाहीत, सगळे एल्डर अमुक, एल्डर तमुक. चिनीत त्याचं जांगलाओ होतं, म्हणजे वडीलधारा, आणि ते एकोणीस वर्षांच्या तोंडावर पुटकुळ्या असलेल्या पोराच्या छातीवर लिहिलेलं बघून आमच्या खालची फळवाली आज्जी दर वेळी हसायची. वर तिकडे प्रेस्बिटेरियन नावाच्या दुसऱ्याच ख्रिस्ती चर्चच्या चिनी नावातच जांगलाओ आहे, त्यामुळे निम्म्या लोकांना वाटायचं ही त्याच चर्चची पोरं.

पगार शून्य. उलट घरचे पैसे भरतात. मी होतो तेव्हा अमेरिकेतल्या पोरांना महिन्याला 400 डॉलर भरावे लागायचे, 2020 च्या जुलैपासून ते 500 झाले. गंमत म्हणजे पॅरिसला जा नाहीतर फिलिपिन्सला, रक्कम तीच, सगळं एका गंगाजळीत जमा होतं आणि तिथून प्रत्येकाला राहण्या-खाण्यापुरतं मिळतं. बरीच पोरं शाळेत असल्यापासून गवत काप, पिझ्झा पोचव असं करून साठवतात. आणि कुठे जायचं हे स्वतः ठरवता येत नाही हं. फॉर्म भरायचा, डॉक्टर आणि दाताच्या डॉक्टरकडून तपासून घ्यायचं आणि वाट बघायची. आधी पोस्टाने मोठं पांढरं पाकीट यायचं, सगळे नातेवाईक जमवून ते फोडायचे, 2018 पासून ते ऑनलाइन झालं. खालच्या एकाने शाळेत चार वर्षं स्पॅनिश केलं होतं, घरच्यांनी धरूनच ठेवलं होतं की पेरू नाहीतर मेक्सिको, आणि निघालं तैवान. मुलगे 2 वर्षं जातात, मुली दीड वर्ष. 2012 पर्यंत मुलांना 19 पूर्ण लागायची, मग 18 केली.

जाण्याआधी युटातच प्रोवो गावात ट्रेनिंग सेंटर आहे, चिनी शिकणाऱ्यांना तिथे 9 आठवडे. आता 9 आठवड्यांत चिनी म्हणजे तुम्हीच विचार करा. एक जण आल्या आल्या रस्त्यावर एका बाईंना अदबीने "छिंग वन" म्हणाला, म्हणजे जरा विचारतो हं, पण सूर चुकला आणि त्याचं झालं कृपया मुका घ्या. बाई आधी दचकल्या आणि मग रस्त्यात बसून हसल्या असं तोच सांगायचा. तीच पोरं वर्षभरात भाजीवाल्याशी घासाघीस करण्याइतकं बोलायला लागतात हे मी डोळ्यांनी पाहिलंय, मी तीन वर्षं राहून "किती पैसे" आणि "तिखट घाला" याच्या पुढे गेलो नाही.

दिवस सकाळी साडेसहाला सुरू. जोर-बैठका (माझ्या छताला नाही, त्यांच्या जमिनीला हादरे, तरी मला कळायचं), आंघोळ, नाश्ता, मग धर्मग्रंथाचा अभ्यास, भाषेचा अभ्यास, दहाच्या सुमारास बाहेर. रात्री नऊला परत, साडेदहाला दिवे बंद. टीव्ही नाही, सिनेमा नाही, मैत्रीण नाही, पोहायला जायचं नाही. बाहेर काय करायचं तर लोकांशी बोलायचं. तैवानमधे त्यांची पेटंट पद्धत म्हणजे लाल सिग्नलला सायकल थांबवली की शेजारच्या स्कूटरवाल्याशी सुरू, नव्वद सेकंद मिळाले तर मिळाले. दुसरी जागा कचऱ्याची गाडी. तिकडे गाडी आईस्क्रीमवाल्यासारखी धून वाजवत येते आणि अख्खी गल्ली पिशव्या घेऊन खाली उभी राहते, ही पोरं आपला कचरा टाकून झाला तरी तिथेच रेंगाळायची. बुधवारी संध्याकाळी चर्चमधे फुकट इंग्लिशचा क्लास, त्याला मी पण दोनतीनदा गेलो, लोकांना वेगळा उच्चार ऐकायला मिळावा म्हणून.

नकार किती मिळायचे? नकारच मिळायचे. तैवानी माणूस तोंडावर नाही म्हणत नाही, तो पत्रक घेतो, हसतो, नंबर चुकीचा देतो. एका पोराचं म्हणणं होतं की दार आपटणारा परवडला.

पण मला विचाराल तर या सगळ्यात अवघड नकार नाही, उन्हाळा नाही, भाषा नाही. अवघड म्हणजे जोडीदार. कम्पॅनियन म्हणतात. मिशनरी कधीही एकटा नसतो, कधीही म्हणजे बाथरूम सोडून कधीही. एका खोलीत झोपायचं, बरोबर उठायचं, बरोबर सायकल, बरोबर जेवण, एकाला बरं नसेल तर दुसराही घरात. आणि हा जोडीदार तुम्ही निवडत नाही, दर 6 आठवड्यांनी बदल्या होतात, कोण जाणार कोण येणार ते वरून ठरतं. मी हॉस्टेलवर चार वर्षं काढलीयेत, रूममेटशी भांडण झालं तर टपरीवर जाऊन बसायची सोय होती. यांना ती नाही. एकदा दोघं आठवडाभर एकमेकांशी कामापुरतंच बोलत होते, एक जिन्यात पुढे, दुसरा दहा पायऱ्या मागे, पण अंतर दहाच पायऱ्यांचं, अकरावी नाही. रात्री एक जण खिडकीत येऊन नुसता उभा राहायचा, मी वर वाळत घातलेले कपडे काढताना दिसलो की हात करायचा. त्याला मी विचारलं घरची आठवण येते का, तर म्हणाला घरची येते पण त्याहून जास्त एकटं बसण्याची येते. आसपास सतत माणूस असूनही आपलं असं कोणी नाही, हे एकोणिसाव्या वर्षी झेलायचं.

नव्याला ग्रीनी म्हणतात, त्याला शिकवणारा तो बाप. ज्याचे शेवटचे आठवडे राहिलेत आणि मन घरी पोचलंय तो ट्रंकी, म्हणजे मनाने बॅग भरून बसलेला. आणि घरी ठेवून आलेल्या मैत्रिणीचं दुसऱ्याशी जमल्याचं पत्र आलं तर त्याला डियर जॉन. असं एक पत्र माझ्यासमोर आलंय, म्हणजे मेल आला सोमवारी, आणि मंगळवारी ते पोरगं टाय बांधून साडेदहाला सायकलवर.

आता चहाची गोष्ट. पहिल्यांदा दोघांना वर बोलावलं, आलं-वेलची घालून झक्क चहा केला, आणि दोघंही कप बघत बसले. मला काय कळेना. चहा, कॉफी, दारू, तंबाखू सगळं वर्ज्य. खरं सांगतो, मला राग आला होता, आपल्याकडे घरी आलेल्याने चहाला नाही म्हणायचं म्हणजे काय. आणि ही पोरं राहतात कुठे, तर बबल टीच्या देशात, जिथे दर दुसरं दुकान चहाचं. पुढच्या वेळी मी गवती चहा आणला, तिकडे मिळतो, आलं घालून उकळला, आणि घोळ असा झाला की मी भोळेपणाने नावाचा अर्थ सांगून बसलो. परत दोघांचे चेहरे पडले. मग सांगावं लागलं की बाबांनो हे नावालाच चहा, हे गवत आहे. तेव्हा एकाला एकदम पटलं, म्हणाला इकडच्या कोहळ्याच्या चहासारखं, त्यातही चहा नसतो आणि ते आम्हाला चालतं. त्यानंतर जो नवा यायचा त्याला जुना आधी माझ्याकडे आणायचा. महिन्याच्या पहिल्या रविवारी मात्र नाही, त्या दिवशी दोन वेळचा उपास, पाणीसुद्धा नाही. आपल्या साबुदाणा खिचडीवाल्या उपासाचं वर्णन ऐकून ते चकितच झाले होते.

जेवणाचं त्यांचं तंत्र आपल्या जुन्या पुण्यातल्या वार लावून जेवणाऱ्या विद्यार्थ्यांसारखं. चर्चमधल्या घरांची यादी असते, आज या घरी, परवा त्या घरी. बाकी दिवस डंपलिंग आणि सोमवारी स्वतःचा काहीतरी जळका प्रयोग. सोमवार हा सुट्टीचा दिवस, कपडे धुणं, बाजार, बास्केटबॉल, घरी मेल. फोन मात्र मी गेलो तेव्हा वर्षातून दोनदाच, नाताळ आणि मदर्स डे. मग 2019 च्या फेब्रुवारीत नियम बदलला, दर आठवड्याला घरी व्हिडिओ कॉल चालेल. त्या पहिल्या सोमवारी जिन्यात ऐकू येईल एवढ्या मोठ्याने एक पोरगं आईशी बोलत होतं आणि मधेमधे चिनी शब्द घुसत होते, आई म्हणत असणार काय बोलतोयस बाबा.

मला त्यांनी त्यांचं धर्मपुस्तक, बुक ऑफ मॉर्मन, दिलं, मी चाळीसेक पानं वाचली, राहिलं. त्यांनी दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा नाही. दुसऱ्याचा धर्म बदलायला घरोघर जाणं मला आजही पटत नाही आणि ते मी त्यांना तोंडावर सांगितलंय, वाद घातलाय, ते ऐकून घ्यायचे आणि जाताना पाचव्या मजल्यावरच्या आजोबांचा गॅसचा सिलिंडर वर चढवून द्यायचे. आजोबा शेवटपर्यंत त्यांच्या चर्चला गेले नाहीत.

सगळ्यांचं निभतं असंही नाही. एक जण सातव्या महिन्यात परत गेला. झोप नाही, जेवण नाही, घाबरल्यासारखा असायचा. जाण्याच्या आदल्या दिवशी वर आला, जोडीदार दारात उभा, आणि म्हणाला गावात सगळ्यांनी निरोप दिलाय, आता विमानतळावर कोण येईल ठाऊक नाही. मी म्हटलं आई येईल की. तेवढंच सुचलं.

तर डोकं फिरलंय का? तुमच्या-माझ्या हिशोबाने दोन वर्षं वाया, पण युटामधे हा हिशोबच नाही, तिथे कॉलेजं जागा धरून ठेवतात आणि ट्रेनिंग सेंटर ज्या गावात आहे त्या प्रोवोच्या युनिव्हर्सिटीत तर न गेलेलाच वेगळा दिसतो. जॉन हंट्समन नावाचे युटाचे गव्हर्नर होऊन गेले, पुढे चीनमधे अमेरिकेचे राजदूत झाले, ते चिनी शिकले ते असेच तैवानला मिशनरी म्हणून. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवलेले मिट रॉम्नी तसेच फ्रान्सला. सगळेच काही राजदूत होत नाहीत, माझ्या खालचा एक आता आयडाहोत वडलांबरोबर प्लंबिंग करतो.

तुमच्या मुलाला एवढंच सांगा, रूममेटला मेल करत जा. सल्ले नको, चर्च बरोबर का चूक ते नको, मॅच कोण जिंकलं, मेसमधे काय होतं, खोलीत आता कोण आलंय असलं काहीतरी. तैवानच्या सोमवारी सकाळी तो वाचतो, म्हणजे युटातून रविवारी दुपारपर्यंत पाठवलेला बरा.