जुन्या ट्रेलरवर बोटीचं नाक कसं बांधावं? नुसता विंचचा पट्टा पुरतो का?

प्रश्न: अमेरिकेत मिनेसोटातल्या ट्विन सिटीजमध्ये राहतो. ओळखीतल्या एकाकडून सोळा फुटी अ‍ॅल्युमिनियमची फिशिंग बोट घेतली, चाळीस हॉर्सपॉवरच्या मोटरसकट. ट्रेलर बोटीपेक्षा जुना, १९८० च्या दशकातला, रोलरवाला. पुढे नाकाला फक्त विंचचा पट्टा अडकवलेला असतो. आधीचा मालक म्हणतो, वर्षानुवर्षं असंच चालवलं, काही झालं नाही. मिल लॅक्सच्या तळ्यावर न्यायची आहे. एवढ्यावर हायवेला निघू का?

उत्तर:

निघू नका. विंच असतो तो बोट पाण्यातून ट्रेलरवर ओढून घ्यायला. ताशी साठ मैलांच्या वेगात, खड्ड्यांतून, ब्रेक मारताना बोट धरून ठेवणं हे त्याचं कामच नाही. त्यावर छापलेला ९०० किंवा १२०० पौंडांचा आकडा ओढण्याचा आहे, आणि तोही ड्रमवर, म्हणजे पट्टा गुंडाळतो त्या रिळावर, पट्ट्याचा पहिला थर असतानाचा. आधीच्या मालकाचं निभावलं ते विंचचा खटका, म्हणजे ड्रम उलटा फिरू न देणारा अडसर, निसटला नाही म्हणून.

आधी वजनाचा अंदाज घेऊ. तुमच्या मापाची बोट रिकामी साडेपाचशे-सहाशे पौंडांची धरा. मोटर दोनशेच्या आसपास, सहा गॅलनची पेट्रोलची टाकी भरली की पस्तीस-चाळीस पौंड, बॅटरी, नांगर, आइसबॉक्स. सोयीसाठी हजार पौंड म्हणू. इथे व्यावसायिक ट्रकसाठी जो फेडरल नियम आहे तो सांगतो की मालाची बांधणी पुढच्या दिशेने मालाच्या वजनाच्या ०.८ पट आणि मागच्या दिशेने ०.५ पट जोर सोसणारी हवी. तुमच्या खासगी बोटीला तो नियम लागू नाही, पण आकडे कामाचे आहेत. करकचून ब्रेक मारलात तर आठशे पौंडांपर्यंत जोर बोटीला पुढे ढकलतो. कार्पेट लावलेल्या फळ्यांच्या ट्रेलरवर घर्षण त्यातला थोडा खाऊन टाकतं. तुमचा रोलरवाला आहे, तिथे बोट सहज सरकावी म्हणूनच रोलर लावलेत. म्हणजे जवळजवळ सगळा जोर नाकासमोरच्या रबरी रोलरवर, तिथून विंचच्या खांबावर आणि तिथून खांब ज्या यू-बोल्टनी आवळलाय त्यांच्यावर.

म्हणून जुन्या ट्रेलरवर सगळ्यात आधी हे यू-बोल्ट बघायचे. लोक पट्टा बदलतात, तीस डॉलरचा नवा पिवळाधमक रोलर लावतात आणि खाली खांब अर्ध्या इंचाने पुढे सरकलेला असतो त्याकडे लक्ष नसतं. खांबाच्या बुडाशी वाकून बघा. रंगावर किंवा गंजावर घासल्याची चकचकीत रेघ दिसली तर खांब सरकतोय. यू-बोल्टचा गंज सगळीकडे सारखा नसतो. नट जिथे आट्यांवर बसतो तिथे, त्याच्या लगेच खाली, पाणी आणि बर्फासाठी रस्त्यावर टाकलेलं मीठ साचून राहतं. वायर-ब्रश मारून ती जागा मोकळी करा. तिथे बोल्ट मानेसारखा बारीक झालेला दिसला तर नट आवळत बसू नका, बोल्टच बदला. हॉट-डिप गॅल्वनाइज्ड (वितळलेल्या जस्तात बुडवलेले) घ्या, टंगच्या, म्हणजे गाडीकडे जाणाऱ्या ट्रेलरच्या पुढच्या दांड्याच्या, चौकोनी पाइपचं माप नीट मोजून, आणि लॉकनट लावा. दुकानात चकाकणारे झिंक-प्लेटेड स्वस्तात मिळतात, ते मिनेसोटाच्या दोन हिवाळ्यांत तांबडे होतात.

त्याच वेळी हातोडीने टंगचा पाइप ठोकत जा. चांगला पाइप खणखणतो. जिथे आवाज बद्द येतो, किंवा आतून गंजाचे पापुद्रे खाली पडतात, तिथे भिंत आतून खाल्ली गेलीय. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक दाबल्यावर पत्रा आत गेला तर बांधणीचा विषय तिथेच संपला, दुसरा ट्रेलर शोधा. असल्या पाइपवर ठिगळ वेल्ड करून देणारे भेटतील, पण पातळ झालेल्या पत्र्यावर वेल्डच्या शेजारीच तडा जातो.

त्या काळातल्या बऱ्याच ट्रेलरांना टंग मधोमध दुमडायची सोय असे, बोट उतरवताना मागचा भाग कलता यावा म्हणून. तुमच्यात असेल तर तिथे एक पिन किंवा खटक्याची कडी दिसेल. मूळ पिन हरवून तिथे साधा बोल्ट, अगदी जाड खिळासुद्धा घातलेला मी पाहिलाय. नाक कितीही छान बांधलं तरी ती पिन निसटली तर अख्खी चौकट वर उचलली जाते. योग्य मापाची पिन आणि ती निसटू न देणारी तारेची आर-क्लिप, एवढं आजच करून टाका.

आता प्रत्यक्ष बांधणी. नाकाला मागे जाऊ द्यायचं नाही, पुढे जाऊ द्यायचं नाही आणि वर उसळू द्यायचं नाही. पट्टा मागे जाणं अडवतो आणि रोलर पुढे जाणं. उसळणं मात्र तुमच्या आत्ताच्या बांधणीत कोणीच अडवत नाही, फक्त गुरुत्वाकर्षणाच्या भरवशावर आहे. स्प्रिंगचे जुने पाटे हलक्या बोटीखाली ताठ राहतात, त्यामुळे एप्रिल-मेमधल्या, बर्फ वितळल्यावरच्या खड्ड्यांत ट्रेलर चेंडूसारखा उडतो. बोट उडाली की पट्टा क्षणभर ढिला पडतो, मग झटक्याने ताणला जातो, आणि खटका निसटतो तो असल्या झटक्यांनीच.

नाकावरची ती कडी, जिला इथे बो-आय म्हणतात, ती रोलरच्या बरोबर खाली येऊन टेकली पाहिजे. विंच ओढत गेला की कडी रोलरच्या पोटाखाली घट्ट बसते आणि नाकाला वर जायला जागाच उरत नाही. तुमचा ट्रेलर बहुधा दुसऱ्याच कुठल्या बोटीसाठी घेतलेला असणार, त्यामुळे रोलर कडीच्या खाली टेकत असेल, किंवा वितीभर वर. खांबाची किंवा रोलरच्या कंसाची उंची बदलून हे जुळवा. खांब पुढेमागे सरकवायचा असेल तर आधी मागे जाऊन बघा. बोटीची मागची फळी, म्हणजे मोटर लटकते ती, ट्रेलरच्या शेवटच्या रोलरांवर नीट टेकलेली हवी. ती बाहेर लोंबकळत असेल तर मोटरचं वजन तळाला वाकवत राहतं. आणि खांब सरकवला की हिचवरचा, म्हणजे गाडीच्या मागच्या जोडावरचा, भार बदलतो. तो एकूण वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास ठेवा. फारच कमी झाला तर ट्रेलर गाडीच्या मागे डोलायला लागतो. मोजायला घरातला वजनकाटा चालतो, फक्त कपलर (टंगच्या टोकाची वाटी) गाडीच्या मागच्या बॉलच्या उंचीवर येईल असा ठोकळा काट्यावर ठेवा आणि चाकांना अडण लावा.

मग साखळी. हीच तुमच्याकडे नाही आणि हीच सगळ्यात महत्त्वाची. पाव इंची, ग्रेड ३० ची गॅल्वनाइज्ड साखळी १३०० पौंडांच्या वर्किंग लोडची, म्हणजे वापरातल्या सुरक्षित भाराची, असते, तुमच्या बोटीला पुरेशी आहे. पॅकेटावर ब्रेकिंग स्ट्रेंग्थ मोठ्या अक्षरांत छापून भुरळ घालतात. तिकडे बघू नका, वर्किंग लोड लिमिट वाचा. साखळीचं एक टोक शॅकलने (पिनने बंद होणाऱ्या यू-आकाराच्या कडीने) थेट बो-आयमध्ये. विंचच्या हुकात अडकवू नका, नाहीतर हुक मोडला की दोन्ही एकदम सुटले. दुसरं टोक ट्रेलरच्या टंगला, विंचच्या खांबाला नव्हे. खांब सरकू किंवा वाकू शकतो हेच तर आपण गृहीत धरतोय, मग साखळी त्याच्याच गळ्यात बांधून काय उपयोग! पुष्कळ ट्रेलरांवर कारखान्यातूनच साखळी खांबाला लावलेली येते. नव्या दणकट खांबावर ते चालून जातं, चाळीस वर्षं जुन्यावर मी ठेवणार नाही.

टंगवर साखळी अडकवायला जागा नसेल तर भोक पाडू नका. पाइपभोवती साखळीचा फेरा घालून शॅकलने बंद करा, आणि हा फेरा एखाद्या आडव्या पट्टीच्या किंचित पुढे ठेवा. बोट मागे ओढू लागली की फेरा सरकून त्या पट्टीला अडतो. फेऱ्याखाली दिव्यांची वायर दबत नाही ना ते बघा. एस-हुक वापरायचे नाहीत, ते ताणाखाली उघडतात. शॅकलची पिन फिरून सुटू नये म्हणून तिला तारेचा एक वेढा द्या. साखळीत ढील अगदी थोडी ठेवा: पट्टा तुटलाच तर बोट रोलरपासून दोनेक इंचांहून जास्त मागे जाता कामा नये.

साखळी नाकापासून खाली आणि पुढे जाते. आता एक रॅचेटचा पट्टा किंवा टर्नबकल (फिरवून ताणायचा स्क्रू) त्याच कडीपासून खाली आणि किंचित मागे, चौकटीला न्या. बाजूने पाहिलं तर इंग्रजी व्ही उलटा धरल्यासारखं दिसेल. हा पट्टा नाक खाली दाबून धरतो आणि ब्रेक लागताना रोलरवरचा थोडा भार वाटून घेतो. आवळताना जोर दाखवू नका. हाताने ताण घेऊन रॅचेटचे एक-दोन खटके बस झाले. रोलर बोटीला थोड्याच ठिकाणी टेकतात, अति आवळलंत तर अ‍ॅल्युमिनियमचा तळ तिथे दबतो. पट्ट्याला अर्धा पीळ द्या, म्हणजे वाऱ्यात तो फडफडत नाही. सपाट पट्टा साठ मैलांवर असा घुंई घुंई करतो की बायको म्हणेल गाडी मेकॅनिककडे न्या.

ज्या कडीवर हे सगळं लटकतंय ती स्वतः किती पक्की आहे? हाताने हलवून बघा, जराही हलायला नको. आतून, नाकाच्या झाकणाखाली हात घालून नट आणि त्यामागची पट्टी चाचपा. बाहेरून कडीच्या बुडाभोवती केसाएवढी चीर आहे का ते उन्हात, तिरप्या प्रकाशात बघा. चीर असेल तर अ‍ॅल्युमिनियम वेल्ड करणाऱ्याकडे जा, एपॉक्सी थापू नका.

विंचवर फार वेळ घालवू नका. पोलादी दोर असेल तर त्यावरून जुना सुती फडका फिरवा. कुठे अडकला तर तारा तुटताहेत, दोर काढून दोन इंची पट्टा लावा. पट्टाच असेल तर शिलाई आणि हुकाजवळची घडी बघा. उन्हाने पांढुरका, कडक झालेला पट्टा वरून धड दिसला तरी गेलेला असतो. खटक्याची स्प्रिंग त्याला दात्यांत पूर्ण आत ढकलते का, दात्यांची टोकं गोलसर झालीत का, एवढं पाहा. झाली असतील तर नवा विंच आणा. या विंचचं हँडल सुटलं तर मनगट मोडतं.

मागच्या बाजूला दोन स्वतंत्र पट्टे हवेतच, मागच्या फळीच्या दोन कड्यांपासून ट्रेलरला. नाक उत्तम बांधून मागचं मोकळं सोडलं तर बोट नाकाभोवती फिरते.

सगळं झालं की नाक दोन्ही हातांनी धरून जोरात वर उचला आणि बाजूला हलवा. बोटीबरोबर ट्रेलर उचलला गेला, पाट्यांवर हलला, तर बांधणी झाली. बोट एकटी हलली तर कुठेतरी ढील आहे. ट्विन सिटीजहून मिल लॅक्स शंभरेक मैल. निघाल्यावर पहिल्या दहा-पंधरा मैलांत एकदा थांबाच. बोट रोलरांवर बसते आणि पट्टे ढिले पडतात. थांबलाच आहात तर चाकाच्या हबवर हात ठेवून बघा. कोमट ठीक, चटका बसला तर बेअरिंग बिघडलंय.

रॅम्पवर, म्हणजे बोट पाण्यात सोडायच्या उतारावर, घाई करू नका. मागचे पट्टे आणि खालचा रॅचेट वर सपाटीवरच सोडा, पण साखळी आणि विंचचा पट्टा बोट पाण्यात टेकेपर्यंत तसेच राहू द्या. फळ्यांच्या ट्रेलरवाले मित्र वरच सगळं सोडून मोकळे होतात, त्यांचं बघून करू नका. रोलरवरून बोट उतारावर आपोआप निघते आणि काँक्रीटवर आपटते. तळाचा प्लग, म्हणजे पाणी काढायच्या भोकाचं बूच, मात्र उतरवण्याआधी आठवणीने लावा. इथल्या कायद्याने बोट रस्त्यावरून नेताना तो काढलेला लागतो, झेब्रा मसल्स हे उपद्रवी शिंपले एका तळ्यातून दुसऱ्यात जाऊ नयेत म्हणून, आणि वॉलाय माशाच्या मोसमात रॅम्पवर तपासणीला माणसं उभी असतात.

खांबाच्या बुडाचा, बो-आयचा आणि दुमडत्या सांध्याचा असे तीन फोटो टाका, आणि टंगच्या पाइपचं माप. कुठल्या मापाचे यू-बोल्ट घ्यायचे आणि साखळीचा फेरा कुठे घालायचा ते बघून सांगतो.