टेलिंग डॅम कंपनीचा, पण खाली गाव आमचं: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: नमस्कार सर. आमचं गाव एका खासगी खाणीच्या खालच्या अंगाला आहे. खनिज धुऊन जो बारीक गाळ उरते तो कंपनी मोठ्या मातीच्या बंधाऱ्यामागं साठवते, सगळे त्याले टेलिंग डॅम म्हणतात. दरवर्षी तो थोडा थोडा उंच करून राह्यले. यंदा पायथ्याशी ओल दिसून राह्यली, दोन जागी पाणी पाझरते. विचाराले गेलो तर गेटवर सांगतात का जागा खासगी आहे, सेफ्टीचं सर्टिफिकेट आहे, तुमचं काम नाही. खरंच आमचं काम नाही काय?
– एक शेतकरी, चंद्रपूर जिल्हा

उत्तर: भाऊ, तुमचंच काम आहे. जागा कंपनीची असली तरी बंधारा फुटला तर गाळ तुमच्या शेतात, नाल्यात आणि घरात येणार, आणि हा गाळ पुराच्या पाण्यासारखा उतरून जात नाही, साचून राहतो.

आधी त्या पाझराबद्दल, कारण ते सगळ्यात महत्त्वाचं आहे. मातीच्या कुठल्याही बंधाऱ्यातून थोडं पाणी झिरपतंच, तेवढ्यानं घाबरू नका. पाणी स्वच्छ आहे की गढूळ आणि ते वाढतंय का हे बघा. गढूळ असेल तर आतली माती वाहून येतेय, म्हणजे बंधाऱ्याच्या पोटात नळीसारखी वाट पडतेय आणि अशी वाट एकदा मोठी झाली की काही तासांत सगळं जाऊ शकतं. कुंपणाच्या आत जाऊ नका, पण पाणी बाहेरच्या नाल्यात येत असेल तर पारदर्शक बाटलीत भरून ठेवा, वर तारीख लिहा, तळाशी किती माती बसते त्याचा फोटो काढा, दर आठवड्याला आणि जोराच्या पावसानंतर लगेच. पाणी अचानक गढूळ झालं किंवा वाढलं, किंवा बंधाऱ्याचा उतार फुगला, खचला तर बाटली बिटली सोडा, खालच्या लोकांना हलवा आणि तहसीलदारांना फोन करा. आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पहिल्या पावसाचं पाणी थेट त्या भेगांत शिरतं, बंधारा तसल्या मातीचा असेल तर जून-जुलैत जास्तच लक्ष ठेवा.

दुसरं, उंची कशी वाढवतात ते विचारा. काही ठिकाणी नवा थर आतल्या बाजूला, साचलेल्या गाळावरच टाकतात. स्वस्त पडतं, पण पाया ओल्या गाळाचा. तो गाळ पाण्यानं भरलेला असला की वरच्या वजनानं किंवा धक्क्यानं एकदम पातळ होऊन वाहायला लागतो. ब्राझीलमधल्या ब्रुमाजिन्योला व्हाले कंपनीचं असंच चढवत नेलेलं धरण 25 जानेवारी 2019 ला फुटलं, 270 माणसं गेली, कंपनीचं स्वतःचं कँटीन खालीच होतं आणि भोंगा वाजलाच नाही. त्या धरणाला काही महिने आधीच स्थिर असल्याचं सर्टिफिकेट मिळालं होतं. म्हणून गेटवर सर्टिफिकेट दाखवलं तर ते कोणी दिलं, त्याला पैसे कोणी दिले, आतल्या पाण्याच्या दाबाचं मोजमाप कधी झालं हे विचारा. त्यासाठी बंधाऱ्यात पायझोमीटर बसवतात, त्याचे आकडे मागा.

आता कायदा. धरण सुरक्षा कायदा 2021 खासगी मालकालाही लागू आहे, 15 मीटरपेक्षा उंच धरणं आणि 10 ते 15 मीटरमधली ठराविक अटींत बसणारी धरणं त्यात येतात. पण त्यात धरण म्हणजे नदी किंवा उपनदीवर पाणी अडवायला बांधलेला अडथळा, त्यामुळं माळावर गाळासाठी घातलेला बंधारा त्यातून सहज निसटतो. मला ही मोठी त्रुटी वाटते, गावाच्या डोक्यावर टनावारी ओला गाळ असताना नदी आहे की नाही यावर सुरक्षा ठरू नये. तरी कंपनी मोकळी नाही. खाण सुरक्षा महासंचालनालय, भारतीय खाण ब्युरो (याचं तर मुख्यालयच नागपुरात आहे) आणि प्रदूषण नियंत्रण मंडळ, तिघांकडेही अर्ज करा. पर्यावरण मंजुरीच्या अटी पाळल्याचा अहवाल कंपनीला दर सहा महिन्यांनी, 1 जून आणि 1 डिसेंबरला द्यावा लागतो, आणि तो जनतेसाठी खुला असतो. खासगी कंपनी थेट माहिती अधिकारात येत नाही, पण सरकारी कार्यालयात तिचे जे कागद आहेत ते मागता येतात. जिवाचा प्रश्न आहे असं अर्जात स्पष्ट लिहा आणि ते पटवून द्या, मग उत्तर 30 दिवसांऐवजी 48 तासांत द्यावं लागतं.

ग्रामसभेत ठराव घ्या आणि प्रत कलेक्टरला द्या, जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष तेच असतात. ठरावात एकच गोष्ट ठामपणे मागा: बंधारा फुटला तर गाळ किती वेळात कुठवर येईल याचा नकाशा, आणि भोंगा. तोंडी आश्वासनावर उठू नका.

प्रश्न: आमच्याकडची खाण बंद झाली, कंपनी निघून गेली. आता त्या गाळाच्या तलावाचा धोका नाही ना? त्यावर काटेरी बाभळी पण वाढल्या, लोक म्हणतात मुळांनी माती धरून ठेवते.
– एक वाचक भगिनी, भंडारा जिल्हा

उत्तर: ताई, धोका आहे. ब्रुमाजिन्योच्या धरणातही 2016 पासून नवा गाळ टाकणं बंद होतं. खाण बंद झाली तरी पाऊस पडतच राहतो, आणि पाण्याची निचऱ्याची वाट व सांडवा साफ करणारं कोणी उरत नाही. वरून पाणी ओसंडून वाहिलं तर मातीचा बंधारा फार वेळ टिकत नाही. खाण बंद करताना कंपनीला मंजूर क्लोजर प्लॅन लागतो आणि त्यासाठी आर्थिक हमी ठेवावी लागते, त्या प्लॅनची प्रत खाण ब्युरोकडून मागा.

बाभळींचं म्हणाल तर गवत चांगलं, झाड नाही. मोठं झाड वाळलं की मुळं कुजतात आणि त्या पोकळीतून पाणी वाट काढतं, घुशीही तिथंच बिळं करतात. पण गावकऱ्यांनी स्वतः मोठी झाडं मुळासकट उपटू नका, त्यानं खड्डा पडून बंधारा आणखी कमजोर होतो. लहान झुडपं वेळीच कापून काढणं आणि मोठ्या झाडाची जागा पुन्हा माती ठोकून भरणं हे इंजिनिअरच्या देखरेखीत व्हायला हवं, तसा अर्ज तहसीलदारांकडे पावसाळ्याआधी द्या आणि पोच घ्या.