वाचक विचारतात: ‘अर्घ!’ बघायला घाट उतरू का?

प्रश्न: दादा, पणजीला एका फिल्म क्लबात ‘अर्घ! अ म्युझिक वॉर’ हा रॉक बँडांच्या लाइव्ह गाण्यांचा पिक्चर मोठ्या पडद्यावर दाखवणारेत, एकच शो, मी तर नुसता उड्या मारुलोय! घरचे म्हणतात त्या आरडाओरड्यासाठी बेळगावातनं चोर्ला घाट कशाला? एवढं काय आहे ओ त्यात?
– एक वाचक, टिळकवाडी

उत्तर: अरे जा की! विचारतोस काय. शूटिंग १९८० चं, इंग्लंड, फ्रान्स आणि अमेरिकेतल्या वेगवेगळ्या स्टेजवरचं, आणि गंमत म्हणजे निवेदन नाही, मुलाखती नाहीत, एक बँड गेला की दुसरा, बहुतेकांना एकेकच गाणं, त्यामुळे कंटाळा यायला वेळच मिळत नाही. डेव्हो, गँग ऑफ फोर, डेड केनेडीज, द क्रॅम्प्स, गो-गोज, सगळे ऐन उमेदीतले. क्लाउस नोमी हा गायक आला की मात्र मोबाईल खिशात ठेव, चेहरा पांढराफटक रंगवलेला आणि आवाज थेट ऑपेरातला, १९८३ मध्ये गेला बिचारा.

इतक्या बँडांच्या गाण्यांचे हक्क गोळा करणं म्हणजे भाऊबंदकीतली जमीन विकण्यासारखं, प्रत्येकाची सही पाहिजे, म्हणून असले पिक्चर सहज कुठं मिळत नाहीत.

आणि घरच्यांना सांग, यातले द पोलीस बँडवाले त्याच १९८० च्या मार्चमध्ये मुंबईत रंगभवनला वाजवून गेलेत, तेव्हा अगदीच परकं नाही ते.

फक्त पावसाळ्यात रात्री घाटात धुकं लई असतं, बाईक नको, मुक्काम कर. जाताना कुंदा घेऊन जा, शेजारच्या खुर्चीवाल्याशी लगेच दोस्ती होईल.