ओंटारियोच्या तलावात ट्राउट कधी गळाला लागतो?

पवईला गळ टाकणारे तुम्ही, आता मुलीकडे ओंटारियोला जाताय, तर मे महिना गाठा. बर्फ नुकता वितळलेला, पाणी वरपर्यंत गार, त्यामुळे लेक ट्राउट काठाजवळ फिरतो. (नाव ट्राउट, पण कुळाने 'चार', आकडा नव्हे, मासा!) जुलैत वरचं पाणी तापलं की तो १० अंशांच्या आसपासच्या खोल थरात उतरतो. मग काठावरून हात हलवत परत याल, होडीच हवी. शरदात त्याची वीण, म्हणून बऱ्याच तलावांत तेव्हा बंदी. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्या थांबतात तशीच. परवाना आधी काढा. हंगामाच्या तारखा आणि किती मासे ठेवायचे, हे विभागागणिक बदलतं.