इंग्लंडला बोटीवरून डायव्ह करून स्कॅलप आणि लॉबस्टर पकडायचे आहेत, इथून कोणतं सामान नेऊ?

तुमच्या प्रश्नातल्या एका वाक्यामुळे लिहायला बसलो. "माल भरलेली जाळी बीसीडीला अडकवली की झालं, लिफ्ट बॅगवर खर्च कशाला, असं एका अनुभवी डायव्हरने सांगितलं." (बीसीडी म्हणजे हवा भरून पाण्यात तोल सांभाळणारं जाकीट, लिफ्ट बॅग म्हणजे वजन वर पाठवायची हवेची पिशवी.) हा सल्ला ज्याने दिला त्याचा अनुभव कितीही असो, सल्ला धोक्याचा आहे.

तारकर्लीला कोर्स झालाय आणि नोकरीसाठी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर वेमथला निघालाय, म्हणजे प्राथमिक गोष्टी सांगत बसत नाही. मास्क इथूनच न्या, तुमच्या चेहऱ्याला बसलेला. बाकी फार काही नेऊ नका. आपल्याकडचा पातळ वेटसूट तिथे उपयोगाचा नाही. इंग्लिश खाडीचं पाणी ऐन ऑगस्टमध्ये 17-18 अंशांपर्यंत जातं आणि फेब्रुवारी-मार्चला 8-9 वर उतरतं. ड्रायसूट (आत पाणी न शिरू देणारा पोशाख) तिथेच घ्या, वापरलेला घेतलात तर मानेचं आणि मनगटांचं सील ताणून बघा. रेग्युलेटरही (सिलिंडरमधली हवा श्वासाला देणारं यंत्र) तिथेच, थंड पाण्यासाठी बनवलेला आणि डिन जोडणीचा, म्हणजे सिलिंडरला आट्यांनी बसणारा. सिलिंडर भाड्याने मिळतो, बहुधा स्टीलचा 12 लिटरचा. सोबत 3 लिटरचा पोनी, म्हणजे छोटा जादा सिलिंडर घ्या. स्कॅलप, म्हणजे खायचे मोठे शिंपले, वेचताना नजर तळाकडे असते, जोडीदार कधी दिसेनासा होतो कळत नाही, आणि अशा वेळी स्वतःची वेगळी हवा जवळ हवी.

आपल्या शेवंडीला नांग्या नसतात, तिथल्या लॉबस्टरला असतात आणि जाड नांगीत बोट सापडलं तर चिरडतं. म्हणून जाड हातमोजे. तो कपारीत नाहीतर बुडालेल्या जहाजाच्या पत्र्याखाली बसतो, त्यामुळे चांगला टॉर्च. जहाजांच्या सांगाड्यांवर तुटलेली जाळी आणि तंगूस अडकलेली असते, म्हणून सुरीबरोबर लाइन कटरही. स्कॅलप उघड्यावर, वाळूत किंवा खडीत असतो. वरचा सपाट शिंपला वाळूने झाकलेला, फक्त कडेची अर्धगोल रेघ दिसते. तोंडाला कडी असलेली, एका हाताने उघडणारी जाळी घ्या, आणि लॉबस्टरसाठी वेगळी. मोजपट्टी जाळीलाच बांधा. स्कॅलप 100 मिलिमीटरच्या आतला घ्यायचा नाही (खाडीच्या पूर्व भागात 110). लॉबस्टर डोळ्याच्या खोबणीपासून पाठीच्या कवचाच्या मागच्या कडेपर्यंत किमान 87 मिलिमीटर. अंडीवाली मादी इंग्लंडमध्ये 2017 पासून पूर्ण बंद. पोटाखाली अंडी दिसली की सोडायची, कितीही मोठी असली तरी.

आता ती जाळी. मी दिवाळे गावचा. आमच्याकडे दिवाळीत बहिरीदेव समुद्रातून आणायला माणसं बुडी मारतात, खाडीच्या गढूळ पाण्यात, सिलिंडरशिवाय. माझं बालपण धक्क्यावर गेलं. हे अशासाठी सांगतो की ठाण्यातला एक माणूस आजही चार लोकांत मला "पाण्याला घाबरणारा कोळी" म्हणतो.

तो आणि मी एके काळी साऊथॅम्प्टनला कामाला होतो आणि वेमथहून बोटीने डायव्हला जायचो. आदल्या रात्री वाद झाला. तो म्हणाला, बीसीडीत हवा भरली की जाळीचं वजन जाणवतसुद्धा नाही, लिफ्ट बॅग म्हणजे दुकानदारांची चैन. मी म्हणालो, जाणवत नाही हीच तर अडचण आहे. दुसऱ्या दिवशी 20 मीटरवर त्याने जाळी गच्च भरली, छातीच्या कडीला अडकवली आणि तिला पेलण्यासाठी बीसीडी फुगवला. वर येताना साधारण 6 मीटरवर जाळीचा तळ उसवला. सगळे स्कॅलप खाली गेले आणि तो वर गेला.

हिशोब करा. जाळीचं पाण्यातलं वजन 4 किलो धरलं तर ते तोलायला 4 लिटर जादा हवा लागते. वजन गेलं, हवा राहिली. 6 मीटरवर दाब 1.6 बार असतो, म्हणजे तीच हवा पृष्ठभागाशी 6.4 लिटर होते. जितके वर जाल तितका वेग वाढतो, आणि नेमकं याच शेवटच्या टप्प्यात हवा सगळ्यात झपाट्याने फुगते. त्या क्षणी श्वास रोखला तर फुप्फुस फाटू शकतं.

मी त्याच्या मागे सुटलो नाही. वर येताना सुरक्षेसाठी घेतात तो तीन मिनिटांचा थांबा सोडला, पण वर येण्याचा वेग वाढवला नाही. वर पोचलो तेव्हा स्किपरने त्याला बोटीवर घेऊन ऑक्सिजन लावला होता. त्याला काही झालं नाही, याचा मला मनापासून आनंद आहे. पण तेव्हापासून त्याचं म्हणणं दोनच: जाळी हलक्या प्रतीची होती, आणि मी मित्राला सोडून मागे राहिलो. जाळी कोणतीही फाटू शकते, ती फाटल्यावर माणूस उडायला नको एवढंच माझं म्हणणं आहे. आणि मीही सुटलो असतो तर स्किपरकडे एकाऐवजी दोन आजारी माणसं असती. कोर्सच्या पहिल्या आठवड्यात शिकवतात ते मी केलं. याला भित्रेपणा म्हणणाऱ्याबरोबर डायव्ह करू नका.

तर लिफ्ट बॅग घ्याच. 10 ते 25 किलोची पुरते. तळावरच जाळी तिला बांधा, हवा भरा, सोडून द्या, स्किपर उचलतो. तुमचा स्वतःचा मार्कर बॉय (वर तरंगून बोटीला तुमची जागा दाखवणारा फुगा) आणि रीळ वेगळं. वर येताना तो आधी सोडायचा, नाहीतर भरतीओहोटीच्या ओढीत बोटीला तुम्ही सापडणार नाही. स्किपर पाणी थांबण्याच्या वेळेतच उतरवतो, त्याला उशीर करायला लावू नका.

एक राहिलं. लिफ्ट बॅगची दोरीही फिनमध्ये अडकून माणसाला वर खेचू शकते, म्हणून सरळ समुद्रात वापरू नका. ड्रायसूट आणि बॅग दोन्हींचा सराव आधी व्हॉब्स्टर किंवा स्टोनी कोव्हसारख्या पाणी भरलेल्या खाणीत, प्रशिक्षकाबरोबर करा. दिवसाला किती घ्यायचे आणि परवाना लागतो का, हे नियम किनाऱ्याच्या प्रत्येक भागात वेगळे आहेत, निघण्याआधी स्किपरला विचारा. कोणाच्या पिंजऱ्यातलं लॉबस्टर काढू नका, ती चोरी आहे, आणि त्या मच्छीमाराचं पोट त्यावर आहे.

आणि त्या अनुभवी डायव्हरला माझ्याकडून एक विचारा: 6 मीटरवर जाळी फाटली तर 4 लिटर हवा किती सेकंदांत काढणार?